निदान चुकते तेव्हा नेमके काय चुकते?

डॉ. जेरोम ग्रूपमन यांचे ‘हाऊ डॉक्टर्स थिंक’ हे पुस्तक २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता ते वैद्यकाबाहेरच्या वाचकांपर्यंतही पोहोचले. पुस्तक लिहिताना ग्रूपमन हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. रक्तरोग आणि कर्करोग हे त्यांचे विषय. वॉर्डात विद्यार्थ्यांबरोबर फेरी मारताना त्यांना एक गोष्ट खटकू लागली. विद्यार्थी हुशार होते, पण प्रश्न फार कमी विचारत. तपासण्यांचे आकडे पाहायचे, ठरीव तक्त्यातली योग्य फांदी धरायची आणि पुढे जायचे, अशी त्यांची रीत झाली होती. आपण डॉक्टर विचार करतो तो कसा, आणि तो घसरतो कुठे, हे आपण विद्यार्थ्यांना कधी शिकवलेच नाही, असे ग्रूपमन यांच्या मनाने घेतले. त्यातून हे पुस्तक झाले.

आता शाळेतल्या शिक्षकाने हे पुस्तक का वाचावे? कारण त्यातला मूळ प्रश्न वैद्यकाचा कमी आणि शिकवण्याचा अधिक आहे. विचार करताना होणाऱ्या चुका टाळायला शिकवता येते का? येत असेल तर काय शिकवायचे? ग्रूपमन यांनी प्रश्न फार चांगला मांडला आहे. त्यांचे उत्तर मात्र निम्मेच बरोबर आहे, असे माझे मत आहे. उरलेले निम्मे गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांतून पुढे आले आहे, आणि ते शिक्षकांच्या अधिक कामाचे आहे.

पुस्तकाची सुरुवात एका तरुणीच्या हकिकतीने होते. विशीच्या सुमाराला तिला जेवणानंतर पोटात दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या. पंधरा वर्षांत तिने सुमारे तीस डॉक्टर पाहिले. खाण्यासंबंधीचा मानसिक आजार, असे निदान एकदा केस पेपरवर चढले आणि पुढच्या प्रत्येकाने तेच पुढे चालवले. वजन ३७ किलोपर्यंत उतरले. वजन वाढावे म्हणून तिला दररोज ३००० कॅलरी खाण्याचा सल्ला मिळाला, आणि तोही मुख्यतः पास्ता आणि तृणधान्ये यांच्या रूपात. शेवटी ती बॉस्टनमधील पोटविकारतज्ज्ञ डॉ. मायरन फालचुक यांच्याकडे गेली. त्यांनी जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि तिला पहिल्यापासून सगळे सांगायला सांगितले. मग रक्त तपासले, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून पाहिला. तिला सिलिअॅक रोग होता. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे तिच्या आतड्याचे अस्तर झिजत होते. म्हणजे जे अन्न औषध म्हणून दिले जात होते, तेच रोगाला खतपाणी घालत होते.

हकिकत विलक्षण आहे आणि ग्रूपमन यांनी ती तितक्याच कौशल्याने सांगितली आहे. तिच्यातून ते धडा काढतात तो ऐकण्याचा. रुग्ण बोलू लागला की सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतो, हे निरीक्षण ते देतात. फालचुक यांनी तोडले नाही, जुन्या शिक्क्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून त्यांना सापडले.

हे खरे आहे, पण पुरते खरे नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिलिअॅक रोग आणि पेशींवरील एचएलए या आनुवंशिक खुणा यांचा संबंध दाखवणारे जे संशोधन झाले, त्यात हेच फालचुक होते. म्हणजे ज्या माणसाने त्या तरुणीचे शांतपणे ऐकून घेतले, त्याने याच रोगावर तीसएक वर्षांपूर्वी काम केलेले होते. दुसऱ्या एखाद्या सहृदय डॉक्टरने तासभर ऐकले असते तरी त्याला सिलिअॅक रोग आठवला असता का? ऐकताना कान कशासाठी टवकारायचे हे ज्याला माहीत आहे, त्याच्या ऐकण्याला फळ येते. ग्रूपमन ज्ञानाला हा वाटा देत नाहीत असे नाही, पण कथेच्या ओघात तो मागे पडतो आणि वाचकाच्या हाती ‘ऐका’ एवढाच उपदेश राहतो.

पुस्तकाचा मधला भाग विचारदोषांच्या नावांचा आहे. ही नावे मुळात डॉक्टरांची नव्हेत. अॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहून माणसे अनिश्चित परिस्थितीत अंदाज कसे बांधतात आणि कसे फसतात हे दाखवले. तिथून ही कल्पना वैद्यकात आली. ग्रूपमन एकेका दोषाला एकेक रुग्ण जोडतात.

अॅरिझोनातील एका रुग्णालयात डॉ. हॅरिसन आल्टर यांच्याकडे नॅव्हाहो जमातीची एक बाई आली. श्वास जलद, थोडा ताप. त्या दिवसांत विषाणूजन्य न्यूमोनियाचे रुग्ण भराभर येत होते. हिचा एक्स-रे स्वच्छ होता, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या, तरी आल्टर यांनी तेच निदान केले. रक्त किंचित आम्लधर्मी झाले होते, त्याकडे लक्ष गेले नाही. सर्दीसाठी काही अॅस्पिरिन घेतल्या, असे बाईने सांगितले होते. ‘काही’ म्हणजे किती, ते मात्र कळायचे राहिले. तिला अॅस्पिरिनची विषबाधा झाली होती, आणि ते दुसऱ्या डॉक्टरने ओळखले. जे नुकतेच, वारंवार पाहिले तेच पुन्हा डोळ्यांपुढे येते, असा हा दोष. याला उपलब्धतेचा दोष म्हणतात. आपण त्याला ‘डोळ्यांपुढे तेच तेच’ म्हटले तरी चालेल.

दुसरी गोष्ट कॅनडातील डॉ. पॅट क्रॉस्केरी यांची. चाळिशीचा, काटक, जंगलखात्यात काम करणारा माणूस छातीत दुखते म्हणून आला. ईसीजी, एक्स-रे, रक्त, सगळे ठीक. श्रमाने स्नायू दुखावला असेल म्हणून त्याला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी तो हृदयविकाराचा झटका येऊन परत आला. क्रॉस्केरी हे डॉक्टर होण्यापूर्वी प्रायोगिक मानसशास्त्र शिकलेले. हृदयरोगी कसा दिसतो याचे एक चित्र आपल्या मनात होते आणि हा माणूस त्यात बसत नव्हता, असे त्यांनी स्वतःच्या चुकीचे विश्लेषण केले. इतक्या मोकळेपणाने चूक मांडणाऱ्या डॉक्टरांना बोलते केले, हे ग्रूपमन यांचे मोठे श्रेय आहे. लेखक स्वतःलाही सोडत नाहीत. स्वतःच्या दुखऱ्या हातासाठी ते नामांकित शल्यचिकित्सकांकडे फिरले आणि चार वेगवेगळी मते घेऊन आले, ते प्रकरण तर मुळातूनच वाचावे.

पण शिक्षकाला इथे एक शंका यायला हवी. या साऱ्या गोष्टी शेवट माहीत असताना सांगितलेल्या आहेत. छातीत दुखणारी, ईसीजी ठीक असणारी किती काटक माणसे खरोखरच स्नायू दुखावलेली होती आणि बरी होऊन कामाला लागली? त्यांच्या बाबतीत डॉक्टरने हाच विचार, याच वेगाने केला होता. तिथे आपण त्याला अनुभव म्हणतो आणि इथे दोष म्हणतो. त्या माणसांच्या गोष्टी पुस्तकात नाहीत, कारण त्यांत सांगण्यासारखे काही घडले नाही.

ही केवळ तर्कटी शंका नव्हे. लॉरा झ्वान आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. निदानातील चुकांचा अभ्यास असलेल्या डॉक्टरांना रुग्णांच्या हकिकती वाचायला देऊन त्यात कोणते विचारदोष दिसतात ते नोंदवायला सांगितले. हकिकत तीच, फक्त शेवट बदललेला. काहींना निदान बरोबर ठरल्याचे सुचवले, काहींना चुकल्याचे. चुकल्याचे सुचवले तिथे परीक्षकांना जवळजवळ दुप्पट दोष दिसले. शिवाय कोणता दोष झाला यावर त्यांचे एकमत नव्हतेच. म्हणजे दोष शोधणारेच एका दोषात सापडले. निकाल कळल्यावर सारे काही आधीच उघड होते असे वाटणे, हा तो दोष.

मग विद्यार्थ्यांना या दोषांची यादी शिकवून उपयोग होतो का? कॅनडातच हा प्रयोग झाला आणि २०१४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात काम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला दोन विचारदोष समजावून सांगितले, ते टाळण्याच्या युक्त्या शिकवल्या. दुसऱ्या गटाला नाही. नंतर सर्वांना मुद्दाम फसवणारे रुग्ण संगणकावर दिले. दोन्ही गट सारखेच फसले. यात नवल वाटू नये. शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतात हे मुलाला माहीत असते. ‘चुका टाळ’ म्हटल्याने ‘परीक्षा’ शब्दातली री दीर्घ आहे हे त्याला कळत नाही.

या वादात मॅकमास्टर विद्यापीठातील जेफ्री नॉर्मन यांचे म्हणणे मला अधिक पटते. निदानातल्या बऱ्याच चुका विचाराच्या पद्धतीतल्या नसून ज्ञानातल्या उणिवेच्या असतात, असे ते आणि त्यांचे सहकारी सांगत आले. त्याला जुना आधारही आहे. आर्थर एल्स्टाइन, ली शुलमन आणि सारा स्प्राफ्का यांनी १९७८ साली क्लिनिकल विचारप्रक्रियेवरचा आपला अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. मुरलेला डॉक्टर आधी सगळी माहिती जमवतो आणि मग निष्कर्ष काढतो, असा समज होता. तो खोटा निघाला. पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या मनात मोजक्या शक्यता उभ्या राहतात आणि पुढचे प्रश्न त्या शक्यता तपासण्यासाठी असतात. गंमत अशी की विद्यार्थीही नेमके हेच करतो. फरक असतो तो मनात आलेल्या शक्यता कोणत्या, यात. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांना आढळली. एका रुग्णाचे निदान अचूक करणारा डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाबाबत तितकाच अचूक असेल असे सांगता येत नाही. ‘विचारशक्ती’ नावाचे एकच हत्यार असते आणि ते एकदा धार लावून ठेवले की कुठेही चालते, ही कल्पना इथे मोडीत निघते. आपल्या शाळांतून ‘तर्कशक्ती वाढवा’ छापाच्या पुस्तिका विकत घेतल्या जातात, त्यांच्या लेखकांनी हे वाचायला हरकत नाही.

पण नॉर्मन यांची बाजूही शंभर टक्के घेता येत नाही. अॅस्पिरिनच्या विषबाधेची लक्षणे आल्टर यांना ठाऊक होतीच. ज्ञान होते, ते ऐनवेळी जागे झाले नाही. मग ते जागे कशाने होते? सिल्विया मामेदे आणि सहकाऱ्यांचे दोन प्रयोग याचे चांगले उत्तर देतात. २०१० च्या प्रयोगात असे दिसले की नुकत्याच पाहिलेल्या रुग्णासारखा भासणारा, पण वेगळ्याच रोगाचा रुग्ण पुढे आला की दुसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर फसत, पहिल्या वर्षाचे फारसे नाही. थोडा अनुभव आला की सारखेपणा चटकन दिसू लागतो, आणि धोका तिथेच असतो. त्यांनाच ‘या निदानाच्या बाजूने काय आहे, विरुद्ध काय आहे, आणखी काय असू शकेल’ अशी क्रमवार मांडणी करायला लावल्यावर त्यांची चूक कमी झाली. २०२० चा प्रयोग त्याहून बोलका आहे. निवासी डॉक्टरांना आधी एकमेकांसारख्या दिसणाऱ्या रोगांच्या जोड्या देऊन त्यांच्यातला फरक कशाने कळतो ते शोधायला लावले. एका गटाला काविळीचे रोग दिले, दुसऱ्याला जुनाट अतिसाराचे. आठवड्यानंतर दोन्ही गटांना फसवणारे रुग्ण दिले. ज्याने ज्या रोगांचा तौलनिक अभ्यास केला होता, त्या रोगांत तो ठळकपणे कमी फसला. विचारदोषाचे नावही कोणाला शिकवले नव्हते.

काविळीचेच उदाहरण आपल्या जवळचे घेऊ. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. पाण्यातून चालून गेलेला माणूस ताप, अंगदुखी आणि कावीळ घेऊन आला, तर ती विषाणूची कावीळ की लेप्टो? पाठ्यपुस्तकात हे दोन रोग दोन निरनिराळ्या प्रकरणांत असतात आणि बहुधा निरनिराळ्या महिन्यांत शिकवले जातात. विद्यार्थ्याला दोन्ही पाठ असतात, पण ते कधी समोरासमोर बसवलेले नसतात. शेजारी ठेवले की चित्र पालटते. विषाणूच्या काविळीत बहुधा डोळे पिवळे होईपर्यंत ताप उतरू लागलेला असतो, तर लेप्टोत ताप आणि कावीळ एकत्र नांदतात. विषाणूच्या काविळीत यकृतातील विकरांचे रक्तातले प्रमाण हजारांत जाऊ शकते, लेप्टोत ते त्या मानाने थोडेच चढते, मात्र मूत्रपिंडावर ताण आल्याने क्रिएटिनीन वाढते. लेप्टोत पोटऱ्या दाबल्या की रुग्ण कळवळतो आणि डोळे चिपडे नसूनही लालबुंद दिसतात. उलट प्लेटलेट्स कमी होणे हे लक्षण लेप्टोतही आढळते आणि डेंग्यूतही. या दोघांना वेगळे करायला ते निकामी. कोणते लक्षण आहे यापेक्षा कोणते लक्षण दोहोंना वेगळे पाडते, हे कळणे म्हणजे निदान शिकणे. लेप्टोवर पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन ही साधी औषधे आहेत, पण ती वेळेवर सुचावी लागतात.

ग्रूपमन यांच्याशी माझा दुसरा मतभेद आकड्यांबाबत आहे. संभाव्यतेचे गणित, निर्णयवृक्ष, तक्ते यांच्याविषयी त्यांना फारसे प्रेम नाही. हे सारे चाकोरीतल्या रुग्णाला ठीक, चाकोरीबाहेरचा रुग्ण आला की डॉक्टरला स्वतःच्या बुद्धीनेच विचार करावा लागतो, असे ते म्हणतात. विद्यार्थी तक्त्यांचे गुलाम होत आहेत ही त्यांची तक्रार रास्त आहे. पण गणित आणि रुग्णाची कथा यांना त्यांनी समोरासमोर उभे केले, ते चुकले.

याच हार्वर्डच्या रुग्णालयांत १९७८ साली साठ जणांना एक प्रश्न विचारला होता: वीस विद्यार्थी, वीस निवासी डॉक्टर, वीस वरिष्ठ डॉक्टर. एखादा रोग हजारात एकाला होतो. त्याच्या चाचणीत, रोग नसलेल्यांपैकी पाच टक्के लोकांनाही तो असल्याचे चुकून दिसते. ज्याच्याविषयी दुसरे काहीच माहीत नाही अशा माणसाची चाचणी सकारात्मक आली, तर त्याला रोग असण्याची शक्यता किती? सत्तावीस जणांनी ९५ टक्के सांगितले. बरोबर उत्तर फक्त अकरा जणांना आले. हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर करता येते. हजार माणसे घ्या. रोगी एक, चाचणी त्याला पकडते असे धरू. उरलेल्या ९९९ पैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे ५०, निरोगी असून पकडले जातात. सकारात्मक एकूण ५१, त्यांत खरा रोगी एक. म्हणजे सुमारे दोन टक्के. टक्केवारीऐवजी अशी माणसे मोजली की डॉक्टरांचीही उत्तरे सुधारतात, हे गर्ड गिगेरेन्झर आणि उलरिख हॉफ्राग यांनी १९९८ साली दाखवले.

आता याच चाचणीला वेगळी माणसे द्या. ज्यांच्या तक्रारी ऐकून, अंग तपासून डॉक्टरला रोगाची दाट शंका आहे, दहांत एकाला तरी तो असेल, अशी हजार माणसे. रोगी शंभर, चुकून पकडलेले निरोगी ४५. सकारात्मक १४५ पैकी शंभर खरे, म्हणजे जवळजवळ ६९ टक्के. चाचणी तीच, कागदावरचा शब्द तोच, अर्थ मात्र दोन टक्क्यांवरून एकोणसत्तरवर गेला. हा फरक कशाने पडला? रुग्णाचे ऐकल्याने. ग्रूपमन ज्या ऐकण्याची कैफियत मांडतात, तिची सर्वांत भक्कम बाजू या गणितातच होती, आणि ती त्यांनी वापरली नाही.

शाळेत हे सारे कसे लागू पडते, याचे एकच उदाहरण देतो. एक मुलगा ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहितो. ६३ वजा २८ बरोबर ४५ लिहितो. वहीवर शेरा पडतो, ‘लक्ष नाही’. हा शेरा म्हणजे त्या तरुणीच्या केस पेपरवरचा शिक्का आहे. पुढच्या इयत्तेतले गुरुजीही तोच वाचतात. पण नीट पाहिले तर मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे, कोणता वर आहे हे न पाहता. त्याचे लक्ष पुरेपूर आहे, नियम चुकीचा आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ सालीच मुलांच्या अशा चुकीच्या नियमांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला होता. निदान पारखायचे तर त्याला ५१ वजा ३६ द्या आणि त्याने लिहिण्यापूर्वी त्याचे उत्तर तुम्ही कागदावर लिहून ठेवा. त्याने २५ लिहिले तर निदान टिकले. दुसरेच काही लिहिले तर तुमचे निदान चुकले, आणि ते त्याच तासाला कळले.

त्याच तासाला कळणे, ही शिक्षकाची चैन आहे. तातडीच्या विभागातून घरी पाठवलेला रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला तर पहिल्या डॉक्टरला आपली चूक कळतच नाही. बॉस्टनच्या रिचर्ड कॅबट यांनी १९१२ साली तीन हजार शवविच्छेदनांशी डॉक्टरांची निदाने ताडून पाहिली आणि कोणता रोग किती वेळा निसटला याचा हिशेब छापून टाकला. असा हिशेब विद्यार्थ्याला स्वतःच्या निदानांचा ठेवायला लावावा, ही सूचना ग्रूपमन यांच्या पुस्तकात असायला हवी होती. तिच्याऐवजी शेवटी ते रुग्णाच्या हाती तीन प्रश्न देतात: हे दुसरे काही असू शकेल का, न जुळणारे काही आहे का, आणि एकाहून अधिक रोग तर नाहीत ना. प्रश्न उत्तम आहेत. पण सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, मागे लांबलचक रांग उभी असताना, ‘डॉक्टरसाहेब, दुसरं काही असेल का?’ असे विचारण्याचे धाडस आपल्याकडे कितीजण करतील? ते डॉक्टरने स्वतःला विचारायचे आहेत, आणि ती सवय पहिल्या वर्षी, शिक्षकाच्या देखत लागायला हवी.

पुस्तक इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना प्रस्तावना आणि पहिली हकिकत वाचायला द्यावी. तिथे थांबून, पुढचे पान उलटण्यापूर्वी, त्यांच्याकडून शक्यतांची यादी फळ्यावर लिहून घ्यावी, आणि प्रत्येक शक्यतेपुढे तिच्या विरुद्ध जाणारी एकेक गोष्ट.